झंद टोळीचे गाव कोणते?

इराणच्या पश्चिमेला, हमदान शहराच्या दक्षिणेस मलायेर नावाचे गाव आहे. आज ते द्राक्षे आणि बेदाण्यांसाठी ओळखले जाते. तिथल्या जोझान खोऱ्यातल्या द्राक्षशेतीला २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. याच मुलखात परी नावाचे खेडे आणि कमाझान नावाचा गावांचा पुंजका आहे. अठराव्या शतकात इथून निघालेल्या मेंढपाळांच्या एका टोळीने खोरासान वगळता जवळजवळ सगळ्या इराणवर सत्ता गाजवली आणि पन्नास वर्षांच्या आत ती पांगूनही गेली. टोळीचे नाव झंद. तिचा राजा झालेला पुरुष करीमखान झंद.

इतिहासाच्या पुस्तकांत झंदांची ओळख बहुधा शिराझच्या सुंदर इमारतींपासून सुरू होते. मला त्याआधीचा आणि त्यानंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो. ही माणसे मूळची कुठली, त्यांना कोणी कुठे नेऊन बसवले, ती परत कशी आली आणि शेवटी कुठे गेली, हे पाहिले की पश्चिम इराणातल्या टोळ्या घडतात कशा याची बरीच उकल होते.

झंदांची बोली लकी, आणि ती बोलणाऱ्या सगळ्या जमातींना मिळून लक म्हणतात. झाग्रोस पर्वताच्या मधल्या पट्ट्यात त्यांची वस्ती आहे: लुरिस्तानच्या उत्तरेकडचे अलेश्तर, नूराबाद आणि कूहदश्त, केरमानशाह प्रांतातले हरसीन, इलाम प्रांताचा पूर्वभाग, आणि हमदान प्रांताच्या दक्षिणेकडची काही गावे. उत्तरेला आणि पश्चिमेला कुर्द, दक्षिणेला आणि पूर्वेला लुर, मध्ये लक. त्यामुळे लकांना कुर्दांत धरायचे की लुरांत, यावर कित्येक वर्षे वाद चालला आहे. भाषेचे बहुतेक अभ्यासक लकीला वायव्य इराणी गटात, दक्षिणी कुर्दीच्या शेजारी बसवतात. चालीरीती आणि राजकीय इतिहास पाहणारे लकांना लुरांच्या जवळचे मानतात. लक लोकांतही दोन्ही मते आहेत, आणि आम्ही यातले कोणीच नाही, आम्ही लक, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. हे तिसरे उत्तर मला सर्वांत सरळ वाटते.

या बोलीच्या व्याकरणात मराठी माणसाला ओळखीचे वाटेल असे काही आहे. आपण ‘मी भाकरी खातो’ म्हणतो तेव्हा क्रियापद माझ्यामागे चालते. ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताच ते भाकरीमागे जाते. लकीतही वर्तमानकाळाची आणि भूतकाळाची घडण अशीच वेगवेगळी आहे. भूतकाळी सकर्मक वाक्यात कर्त्याची खूण क्रियापदाला नेहमीसारखी लागत नाही. ती वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाला, बहुधा कर्माला, जाऊन चिकटते. शेजारच्या लुरीत आणि दक्षिणी कुर्दीच्या इतर बोलींत ही रचना पुसली गेली, लकीत टिकली. तिचे मूळ फार जुने आहे. हरसीनच्या पश्चिमेला बिसोतूनचा कडा आहे आणि त्यावर इराणचा सम्राट पहिला दारयवहू याचा सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात ‘मी हे केले’ असे सांगताना ‘माझे हे केलेले’ अशी रचना आहे. संस्कृतातल्या भूतकृदंताच्या प्रयोगाची ती सख्खी बहीण. लकी ही त्या शिलालेखाच्या भाषेची थेट लेक नव्हे, चुलत घराण्यातली म्हणावी लागेल. पण भाषा किती खोलवरच्या खुणा जपून ठेवते हे यातून कळते.

लोक मात्र भाषेसारखे एका जागी राहिले नाहीत. लकांचा लेखी उल्लेख १५९७ साली पुऱ्या झालेल्या ‘शरफनामा’ या कुर्द इतिहासग्रंथात येतो. बिदलीसचा अमीर शरफखान याने तो फारसीत लिहिला. इराणच्या अमलाखालच्या दुय्यम कुर्द जमातींची नावे देताना तो लक आणि झंद ही दोन्ही नावे घेतो. म्हणजे करीमखानाच्या जन्माआधी शंभरएक वर्षे झंद हे नाव वेगळे ओळखले जात होते. त्याच सुमारास सफवी बादशहा पहिला शाह अब्बास याने लुरिस्तानच्या जुन्या अताबेग घराण्याचा शेवट केला आणि हुसेनखान नावाच्या माणसाला तिथला वाली नेमले. या नव्या वालीच्या पाठीशी खात्रीची माणसे असावीत म्हणून शाह अब्बासने लक जमातींना उत्तरेकडून लुरिस्तानात आणून बसवले, असे काही इतिहासकार मानतात. अलेश्तरची सिलसिला जमात पूर्वी केरमानशाहजवळच्या माहीदश्तच्या मैदानात होती, ही परंपरा या मताला बळ देते. दुसरीकडे दिल्फान जमातीच्या नावात नवव्या शतकातल्या अबू दुलफ या अरब सरदार घराण्याची आठवण शोधणारेही आहेत. त्या घराण्याच्या जहागिरी याच बाजूला होत्या.

ही मते परस्परविरोधी वाटतात, पण ती एकत्र नांदू शकतात. हसनवंद, युसुफवंद, काकावंद, ख्वाजावंद अशी लक जमातींची नावे ऐकली की एका मूळ पुरुषाची ही पिलावळ असावी असा समज होतो. प्रत्यक्षात जमात घडते ती वेगळ्या रीतीने. एखाद्या कर्तबगार खानाभोवती त्याचे भाऊबंद जमतात, मग आश्रयाला आलेली कुटुंबे, हरलेल्या टोळीतले उरलेले लोक, सरकारने जबरीने आणून बसवलेले मेंढपाळ. दोन-तीन पिढ्या एकाच कुरणावर गेल्या की सगळे एका आजोबाचे नातू ठरतात. वंशावळ ही पुष्कळदा शेजाराची नोंद असते.

याच भागात आणखी एक मोह पडतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हरसीनच्या आसपासच्या प्राचीन कबरींतून काशाच्या सुंदर वस्तू निघू लागल्या: घोड्याच्या तोंडातल्या लगामाचे नक्षीदार तुकडे, परशू, दोन्ही बाजूंना पशू उभे असलेल्या छोट्या मूर्ती. लुरिस्तान ब्राँझ म्हणून त्या जगभरच्या संग्रहालयांत गेल्या. त्या लोहयुगातल्या, म्हणजे जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीच्या. आज तिथे लक राहतात म्हणून त्या वस्तू लकांच्या पूर्वजांनीच केल्या असे म्हणणे सोपे आहे, पण मधल्या काळात या खोऱ्यांतून इतकी माणसे आली आणि गेली की तो पूल बांधायला आधार नाही.

या जमातींचे जगणे वर्षाच्या दोन मुक्कामांभोवती फिरे. हिवाळ्यात उबदार सखल भाग, उन्हाळ्यात उंचावरची कुरणे. आपल्याकडचे धनगर माणदेशातून कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत घाट चढतात, तसेच हे; फक्त इथे भीती बर्फाची. घर म्हणजे बकरीच्या काळ्या केसांचा तंबू. बायका जमिनीलगतच्या मागावर अरुंद लांब पट्टे विणतात आणि ते शेजारी शेजारी शिवून छत करतात. कोरडे असताना या विणीतून हवा खेळते. पाऊस पडला की केसांचा धागा फुगतो, भोके मिटतात आणि पाणी खाली येत नाही. छताचा एखादा पट्टा झिजला तर तेवढाच उसवून नवा जोडायचा. कडेला बोरूच्या काड्यांचे पडदे, आणि त्या काड्यांना रंगीत लोकर गुंडाळून काढलेली नक्षी. हरसीनचे किलीम आजही नावाजलेले आहेत. असे घर तासाभरात मोडून जनावरावर लादता येते. मेंढपाळाला ही सोय होती. राज्यकर्त्याच्या डोळ्यांत हीच खुपत होती, कारण ज्याचे घर उचलून नेता येते त्याच्याकडून सारा वसूल करणे अवघड.

झंदांनी मात्र बऱ्याच आधी झाग्रोसच्या पायथ्याकडे सरकून परी आणि कमाझानमध्ये पाय रोवले होते. मेंढ्या होत्याच, जोडीला गाव आणि गढी होती. १७२२ साली अफगाणांनी इस्फहान जिंकले, सफवी राज्य कोसळले आणि उस्मानी तुर्कांनी लगेच पश्चिमेकडून केरमानशाह आणि हमदान घेतले. मोठ्या सैन्याशी समोरासमोर लढण्याइतके झंद नव्हतेच. मेहदीखान झंदाच्या नेतृत्वाखाली ते तुर्कांच्या रसदीवर आणि तुकड्यांवर छापे घालत राहिले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा डाव समजावून सांगायची गरज नाही. पण तुर्कांना सतावणारी टोळी उद्या आपल्यालाही सतावेल, हे नादिरच्या लक्षात आले. पुढे १७३९ मध्ये दिल्ली लुटणारा हाच तो नादिर. १७३२ साली तो अजून शहा झाला नव्हता, सफवी घराण्याचा सेनापती म्हणून कारभार चालवत होता. त्याने फौज पाठवली. मेहदीखान आणि त्याच्याबरोबरचे पुष्कळ लोक मारले गेले आणि उरलेल्या झंदांना बायकामुलांसह उचलून खोरासानच्या उत्तर टोकाला, अबीवर्द आणि दर्रेगझकडे नेले.

मलायेरपासून दर्रेगझ हजारएक किलोमीटर. ही जागा नादिरने विचार करून निवडली होती. दर्रेगझ हा त्याचा स्वतःचा जन्मप्रदेश, म्हणजे हे लोक त्याच्या नजरेखाली राहणार. पलीकडून तुर्कमेन आणि उझबेक स्वार सतत चढाया करत, त्यांच्या वाटेवर ही लढवय्यी माणसे आयती भिंत म्हणून उभी राहणार. शिवाय धडधाकट पुरुष फौजेत घेता येणार. बख्तियारी टोळ्यांचेही नादिरने असेच केले. करीमखान तेव्हा पंचविशीच्या आसपासचा होता. त्याची पुढची पंधरा वर्षे परक्या मुलखात, नादिरच्या फौजेत एक साधा स्वार म्हणून गेली.

त्या वर्षांतली एक गोष्ट तो राजा झाल्यावर स्वतः सांगत असे. नादिरच्या छावणीत असताना दारिद्र्यापायी त्याने एका खोगीर करणाऱ्याच्या दुकानातून सोन्याचे काम केलेले खोगीर चोरले. ते एका अफगाण सरदाराने दुरुस्तीला दिलेले होते. दुसऱ्या दिवशी कळले की खोगीर हरवले म्हणून त्या कारागिराला पकडले आहे आणि तो फासावर जाणार आहे. करीमने गुपचूप खोगीर होते तिथे नेऊन ठेवले आणि आडोशाला थांबला. कारागिराच्या बायकोला ते दिसले. ती किंचाळली आणि गुडघ्यांवर बसून तिने प्रार्थना केली, ज्याने हे परत आणून ठेवले त्याला अशी शंभर खोगिरे वापरायला आयुष्य मिळो. आपल्या भाग्यात त्या बाईच्या शब्दांचा वाटा आहे, असे करीमखानाला मनापासून वाटे.

ही हकीगत आपल्यापर्यंत आणणारा माणूस मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. जॉन माल्कम १७९९ च्या डिसेंबरात कंपनीचा वकील म्हणून मुंबईहून निघाला आणि बुशहर, शिराझमार्गे इराणच्या दरबारात गेला. करीमखानाच्या काळात वावरलेली माणसे तेव्हा हयात होती. १८१५ साली त्याने इराणचा दोन खंडी इतिहास प्रसिद्ध केला, त्यात खोगिराची गोष्ट आहे. त्यानंतर तीन वर्षांनी दुसरा बाजीराव पेशवा शरण आला तो याच माल्कमला. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्या नावाने वसली.

जून १७४७ मध्ये नादिरशहाचा त्याच्याच सरदारांनी खून केला. खोरासानात जबरीने बसवलेल्या टोळ्यांनी सामान बांधले आणि आपापल्या मुलखाची वाट धरली. पंधरा वर्षांत मुले तिकडे जन्मली होती, म्हातारे तिकडे गेले होते. तरी झंद परत परी-कमाझानलाच आले. करीमखान आता चाळिशीत होता आणि टोळीचा म्होरक्या होता. १७५० साली तो बख्तियारी सरदार अली मर्दानखानाबरोबर इस्फहानात शिरला. सफवी घराण्यातल्या एका मुलाला नावापुरता शहा केले. पुढे भागीदारी मोडली आणि लढाया सुरू झाल्या, त्या दहा-बारा वर्षे थांबल्या नाहीत.

या लढायांत झंदांचे मूळ गाव हेच त्यांचे मर्मस्थान ठरले. १७५३ मध्ये आझादखान अफगाणाने करीमखानाचा पराभव केला आणि परीची गढी घेतली. करीमखानाच्या आईसह टोळीतल्या बायका-मुले आणि कित्येक पुरुष पकडले गेले. त्यांना उर्मियाकडे चालवले होते. वाटेत कैद्यांनी पहारेकऱ्यांवर झडप घातली, त्यांना मारले आणि सुटून करीमखानाला जाऊन मिळाले. एकदा पूर्ण उचलून नेलेली टोळी दुसऱ्यांदा जायला तयार नव्हती, असे मी यातून वाचतो.

सत्ता स्थिर झाल्यावर करीमखानाने राजधानीसाठी मलायेर निवडले नाही, इस्फहानही नाही. १७६५ च्या सुमारास तो शिराझला राहायला गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. शहा ही पदवी त्याने घेतली नाही. रयतेचा वकील म्हणवून घेतले. शिराझमधल्या त्याच्या बांधकामांना आजही वकील हेच नाव आहे. वकील मशिदीच्या प्रार्थनागृहात अठ्ठेचाळीस दगडी खांब आहेत, प्रत्येक अखंड, आणि प्रत्येकावर पीळ दिल्यासारखी वळणारी कोरीव रेघ. बाजाराच्या उंच विटांच्या कमानींखाली भर उन्हाळ्यातही गारवा असतो. हाफिजच्या कबरीवरची संगमरवरी शिळा १७७३ ची, करीमखानानेच बसवलेली. १७६३ मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीला बुशहर बंदरात वखार काढायची परवानगी दिली. तिचा कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली होता.

या सगळ्याबरोबर त्याने आणखी एक गोष्ट केली, आणि टोळीच्या दृष्टीने ती इमारतींपेक्षा मोठी होती. फौजेचा कणा लक आणि लुर स्वारांचा होता. त्यांची कुटुंबे डोंगरात ठेवली तर स्वार हंगामाला घराकडे पळणार. म्हणून हजारो कुटुंबांना त्याने झाग्रोसमधून शिराझला आणून वस्त्या दिल्या. नादिरने त्याच्या टोळीला खोरासानला नेले ते बेड्या घालून. करीमखानाने स्वतःच्या लोकांना शिराझला नेले ते मानाने. पण उखडणे ते उखडणेच. मेंढ्या मागे राहिल्या, कुरणांवर दुसरे आले, आणि एका पिढीत मेंढपाळाची टोळी पगारी शिबंदी झाली.

त्याची किंमत करीमखानाच्या मृत्यूनंतर मोजावी लागली. १७७९ मध्ये तो गेला आणि झंदांच्या शाखा एकमेकींवर उठल्या. दहा वर्षांत भाऊ, पुतणे, चुलते मारले गेले. शेवटचा लुत्फ अलीखान तरुण आणि शूर होता. १७९१ मध्ये तो मोहिमेवर असताना शिराझचा नगरप्रमुख हाजी इब्राहीम याने शहराचे दरवाजे बंद केले. लुत्फ अलीच्या सैन्यातल्या स्वारांची बायकामुले भिंतीच्या आत होती. छावणीत बातमी पोचली आणि स्वार एकेक करून त्याला सोडून गेले. डोंगरातल्या काळ्या तंबूत राहणारी कुटुंबे अशी कुलुपात सापडली नसती. लुत्फ अली आणखी तीन वर्षे झुंजला. १७९४ मध्ये केरमान पडले, तो पकडला गेला आणि आगा महंमदखान कजारने त्याला आंधळा करून मारले. करीमखानाच्या दरबारात ओलीस म्हणून सोळा-सतरा वर्षे काढलेल्या या कजाराने करीमखानाची हाडेही शिराझमधून उकरून आपल्या तेहरानच्या वाड्यात, पायाखाली येतील अशी पुरली.

मग झंदांना आधार दिलेल्या लक जमातींची पांगापांग झाली. ख्वाजावंदांना कजारांनी कास्पियन समुद्राकडच्या डोंगरात, कलारदश्त आणि कोजूरला बसवले. अब्दुलमलेकी जमातीचा प्रवास तर थक्क करणारा आहे: नादिरच्या काळात दर्रेगझ, मग झंदांच्या सावलीत शिराझ, तिथून कजारांनी तेहरानच्या बाजूला आणि पुढे माझंदरानच्या नूरमध्ये, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेहशहरजवळ झागमर्झला, पुन्हा तुर्कमेन चढायांसमोर. काकावंदांचा एक भाग कझवीनकडच्या डोंगरात आहे. कलारदश्तच्या ख्वाजावंदांत यारसान हा धर्मपंथ आजही आहे. लुरिस्तानच्या दिल्फान भागातल्या अनेक लकांचाही तोच. भाताची शेती आणि दमट जंगल असलेल्या मुलखात झाग्रोसचा हा पंथ कसा पोचला, हे त्यांच्या स्थलांतराचा इतिहास कळल्याशिवाय उमगत नाही.

जे लक मूळ खोऱ्यांत राहिले होते त्यांची पाळी विसाव्या शतकात आली. १९२३ पासून, पुढे रझाशहा झालेल्या रझाखानाच्या सैन्याने लुरिस्तानात मोहिमा काढल्या. शस्त्रे काढून घेतली, हंगामी वाटा अडवल्या, तंबू मोडून घरे बांधायला लावले. कुरण बदलता न आल्याने कळप मेले. १९४१ मध्ये रझाशहा पायउतार होताच अनेक कुटुंबे पुन्हा वाटेला लागली. साठच्या दशकातल्या जमीनसुधारणांनंतर मात्र बहुतेक गावांत स्थिरावली. इंग्रज प्रवासी फ्रेया स्टार्क १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अलेश्तर आणि नूराबादच्या खोऱ्यांतून गेली, तेव्हा ती सक्ती ताजी होती. तिच्या १९३४ च्या पुस्तकात त्या दिवसांची वर्णने आहेत.

झंद हे नाव आज मलायेर तालुक्याच्या एका विभागाला आहे आणि परी त्याच विभागात येते. पण झंद टोळी म्हणून वेगळी राहिलेली नाही. तिचे लोक आसपासच्या गावांत आणि इतर लक जमातींत मिसळून गेले. लकी शाळेत शिकवली जात नाही, आणि इराणच्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना नसल्यामुळे बोलणाऱ्यांचे आकडे अंदाजाने सांगितले जातात. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातून इराणच्या भाषांचा एक नकाशाकोश तयार होतो आहे. त्यात प्रांतावर एकच रंग न फासता एकेका वस्तीत काय बोलले जाते ते नोंदवतात. लकीसाठी हीच पद्धत योग्य, कारण या मुलखात दोन शेजारच्या गावांपैकी एक शाह अब्बासने वसवलेले असू शकते आणि दुसरे नादिरच्या मृत्यूनंतर परत आलेल्या माणसांचे.